होडीवरचं पांढरं फडकं

चुरगळलेलं साप्ताहिक ओटीवर ठेवून जानू उभाच राहिला.

"बस रे," नर्मदाबाईंनी पानाचं तबक पुढं केलं. "पानं तुमच्याच माहीमची. हे वाडीचा दावा बघायला तिकडं गेले होते तेव्हा आणली."

"नको, वैनी. एडवणच्या सोयऱ्यांनी हा कागद धाडलाय. माझ्या पोरीचं, पुष्पलताचं लगीन थांबवलंय."

बातमी चार ओळींची. माहीमच्या जानूनं सोसायटीचं कर्ज थकवलं. होडी जप्त झाली, जप्तीचं पांढरं फडकंही तिच्यावर आहे.

"कर्ज होतं?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"शिमग्यालाच फेडलं. फडकं चुलता गेला म्हणून बांधलं. आमच्या घरात सुतकात होडी पाण्यात नेत नाय. बाराव्याला सोडलं."

"तोवर बाहेरचं कोण आलं होतं?"

"मी घरातच बसलेला. काय ठावं?"

"अब्रूनुकसानीचा दावा लावू," माजघरातून बाहेर येत नर्मदाबाईंचे यजमान खंडेराव वकील म्हणाले आणि वकीलपत्र पुढं सरकवलं. "पण बातमी कुणी दिली ते शोधून काय उपयोग?"

नर्मदाबाईंना नवल वाटलं. एरवी हे साक्षीदाराला आजोळापर्यंत खोदत.

दुपारी त्या साप्ताहिकाच्या संपादकांकडे, कमलाकांतांकडे गेल्या.

"सोसायटीत विचारलंत?"

"गरज नव्हती. ज्यानं जन्मभर जप्त्या पाहिल्या, तो चुकेल कसा?"

"बेलीफ?"

"नाव नाही सांगणार, वहिनी. पान घ्या."

डब्यातली पानं पिवळी पडत आलेली. केळीच्या सोपटात, वाळल्या सालीत बांधलेली. नर्मदाबाईंचा हात तिथंच थांबला. घरच्या तबकात माहीमहून आलेल्या याच जुडीची उरलेली पानं होती.

जानू अजून ओटीवरच होता. नर्मदाबाईंनी माजघराचं दार लोटलं.

"बाराव्याच्या आत माहीमला तुम्ही गेलात. फडकं पाहिलंत. कुणाला विचारलं नाहीत. येताना कमलाकांतांना पानं दिलीत, पानांबरोबर ही गोष्टही."

"मी सहज बोललो."

"त्यांनी सहज छापलं. आणि आज त्याच माणसाचं वकीलपत्र घेतलंत."

नर्मदाबाईंना नवऱ्याकडं बघवेना. तबक उचलून त्यांनी पदराखाली घेतलं.

खंडेराव ओटीवर आले. नजर खालीच.

"जानू, हे वकीलपत्र फाड. वकील दुसरा बघ. दाव्यात साक्षीदार म्हणून माझं नाव घाल. ती बातमी माझ्या तोंडून गेली."



"दाव्याचं मागनं बघू, सायेब," जानू म्हणाला. "आदी एडवणला चला. हेच तिथं बोला, चार मानसांत."

खंडेरावांनी खुंटीवरचा काळा कोट चाचपला, आणि तो तिथंच ठेवून चपला घातल्या.