लवंगीचं खरं नाव

"काय एकेक ठग असतात यार! म्हणे, तुमच्या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरमध्ये भगदाड आहे, युजरनेम-पासवर्ड उघड्यावर पडलेत. मी मेल सरळ उडवला," श्रुतिका मैत्रिणीला, मानसीला, सांगत होती. अंधेरीच्या एमआयडीसीतली चहाची टपरी, वर ढग नुसते रेंगाळलेले.

शेजारी उभ्या असलेल्या मुलाला ठसकाच लागला.

"तो ठग... मीच," तो म्हणाला. "प्रबुद्ध. सॉफ्टवेअरमधली भोकं शोधायची, हेच काम माझं. मेल केलेल्या सगळ्या ब्लॉगवाल्यांनी उत्तर दिलं, एकट्या लवंगीने नाही. म्हणजे ती तूच!"

श्रुतिकाचा चेहरा पांढराफटक. 'लवंगी' हे तिचं ब्लॉगवरचं टोपणनाव, आणि ते मानसीशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. आई आणेल त्या स्थळाची लवंगी अशी काही सालटी काढायची, की बोरिवलीला तिच्या घरीसुद्धा सगळे मोठ्याने वाचून हसून लोळायचे. आईसकट! लिहिणारी घरातच आहे हे कळलं असतं तर वाट लागली असती.

"आधी पासवर्ड बदल, मग भांड," प्रबुद्ध म्हणाला.

"आत्ता? इथे?"

"इथेच."

तिने मोबाईल काढला तसा तो चक्क पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. घामाने मानेला चिकटलेले त्याचे केस तिला दिसले, आणि नवा पासवर्ड टाकताना बाई उगाचच दोनदा चुकल्या.

मग काय, रोजच! भगदाड बुजलं का विचारायला ती टपरीवर यायची, आणि "अजून नाही गं, लवंगीबाई," म्हणत तो आणखी एक कटिंग सांगायचा. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक व्हायचे... मानसीने मधे यायचं बंद केलं, शहाणी मुलगी.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "बुजलं. कंपनीने दुरुस्ती पाठवली."

श्रुतिकाला आनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. आता उद्या कशाला यायचं इथे?

"खरं सांग," ती म्हणाली, "त्या उघड्या यादीत काय काय दिसत होतं?"

"पासवर्ड... आणि खरी नावं."

"म्हणजे माझं नाव तुला पहिल्या दिवसापासून—"

"माहीत आहे."

"मग लवंगीबाई, लवंगीबाई काय लावलंयस रे!"

"तू कुठे सांगितलंस? चुकून दिसलेलं मी कसं वापरू? तू सांगायची वाट बघत होतो." त्याने मान खाली घातली. "आणि तुझं पुढचं स्थळ... मी असलो तर? लवंगीने सालटी काढली तरी चालेल."

श्रुतिकाला हसू आलं आणि डोळेही भरले. इतका आवडला होता तिला तो!

"श्रुतिका," ती म्हणाली. "श्रुतिका परब."

"श्रुतिका," तो हळूच म्हणाला, पहिल्यांदाच.

तिने पर्स खांद्याला अडकवली. "चल, निघते. आज घरी दोन नावं सांगायचीत."

"दोन?"

"एक लवंगीचं... आणि एक तुझं."