न वाळणारी भिंत

प्रतीक तोंडात ब्रश धरून अंगणात आला, तेव्हा एक अनोळखी मुलगी त्यांच्या घराच्या भिंतीला कान लावून उभी होती. सौसरमध्ये दुसऱ्याच्या भिंतीला कान लावायचं काम पिढ्यानपिढ्या शेजाऱ्यांकडे आहे. ही शेजारची नव्हती.

"काही ऐकू येऊन राहिलं का?" त्यानं विचारलं.

"थांबा जरा…" तिनं बोटानं टकटक केलं. "इथं पोकळ वाजून राहिलं."

"भिंत ना? मले वाटलं, माह्याबद्दल बोलून राहिल्या."

ती हसली नाही. फक्त ओठाचा एक कोपरा हलला… आणि प्रतीकच्या तोंडातला फेस त्याच्याच शर्टावर सांडला.

हिमानी पांढुर्ण्याच्या रंगाच्या दुकानातून आली होती. रंग देण्याआधी भिंत तपासायची, हे तिचं काम. दिवाळीआधी घर रंगवायचं म्हणून प्रतीकच्या वडिलांनीच, सुखदेवरावांनी, तिला बोलावलं होतं. तिनं तळहात फिरवून भुकटी निघते का ते पाहिलं, लोखंडी पत्तीनं पोपडे खरवडले, मग ओल मोजायचं यंत्र टेकवलं. लाल दिवा लागला. पावसाचं पाणी मुरलंय, म्हणाली. सोमवारी परत येऊन पाहते, वाळली की रंग.

जाताना तिनं ओढणीवरची भुकटी झटकली. ती प्रतीकवर उडाली. त्यानं दुपारपर्यंत अंग झटकलं नाही.

पण भिंत भराभर वाळायला लागली. वाळली, की हिमानी यायची बंद. प्रतीकनं खूप खोल विचार केला — म्हणजे चहा निवेपर्यंत — आणि सोमवारी बाबा बागेत गेल्यावर संत्र्यावर निंबोळीचा अर्क फवारायचा पंप पाठीवर बांधून भिंतीवर वरपासून खालपर्यंत पाणी मारलं.

लाल दिवा. पुढच्या सोमवारीही लाल. त्याच्या पुढच्याही.

हिमानी यायची, यंत्र टेकवायची, गंभीर मान हलवायची. मग चहा व्हायचा. एक कप चहा प्यायला त्या दोघांना तासभर लागायचा. ओल किती आहे ते बघायला दोघं गार भिंतीवर हात ठेवायचे. तिच्या करंगळीपासून त्याची करंगळी दर सोमवारी थोडी जवळ सरकलेली असायची. दोघंही भिंतीकडेच पाहायचे.

सुखदेवराव मात्र खचले. जामसांवलीला जाऊन मारुतीपुढं नारळ फोडून आले : भिंत वाळू दे. मारुतीनं वाळवलीही असेल, पण सोमवारी सकाळी पंप होताच. शेवटी त्यांनी ठरवलं, भिंतच पाडायची, नवी बांधायची.

त्या सोमवारी हिमानी आली, तर चिंधू मिस्त्री घण घेऊन तयार. प्रतीक कात्रीत सापडला. बोलावं, तर हिमानी जाते. न बोलावं, तर घराची एक बाजू जाते. घण वर गेला… आणि प्रतीक भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"भिंतीचा दोष नाही, बाबा. मीच पाणी मारून राहिलो."

"काऊन?"

"वाळली असती, तर… ह्या आल्या नसत्या."

हिमानीनं यंत्र पिशवीत ठेवलं.

"मले मालूम होतं, काकाजी," ती हळूच म्हणाली. "यांनी पंपच धुतला नाही. भिंतीले निंबोळीचा वास येऊन राहिला."

"मंग सांगतलं काऊन नाही, पोरी?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"सांगतलं असतं… तर मले यायले कारण काय राहिलं असतं?"

चिंधू मिस्त्रीनं घण खाली ठेवला आणि चहा मागितला. सुखदेवरावांनी एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि बराच वेळ भिंतीकडं.

"भिंतीची माफी माग," ते मुलाला म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.

प्रतीकनं मागितली. मनापासून.

"पुढच्या सोमवारी मी नाही येनार," हिमानी म्हणाली. त्याचा चेहरा उतरलेला पाहून तिनं घाईनं पुढं जोडलं, "तुमी या. पांढुर्ण्याले, आमच्या घरी. मायले सांगून ठेवलं आहे."

"काय सांगतलं?"

"म्हटलं, पोरगा चांगला आहे… पन थोडा येडा आहे."

"मंग? माय काय म्हनाली?"

आता ती हसली, चांगली खळखळून.

"म्हने, थोडाच असन तं चालते."