बाजूचं जहाज

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या, अझहरच्या बाबतीत घडलेलं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मी गप्प बसेन.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. पनवेल. आणि रात्र-बित्र नाही हं...

भर दुपार.

दुपारी कुठं असलं काही होतं का, असं मला विचारू नका. मला माहीत असतं तर मी इथं लिहीत बसलो असतो का?

मोहल्ल्यात हव्वाबी मावशीचं घर आहे. खाली अझहरचं मोबाईलचं दुकान, दुकानामागं एक खोली, वर राहायची जागा आणि गच्ची. दुपारची, जोहरची नमाज झाली की अझहर शटर अर्धं खाली ओढायचा, जेवायचा आणि त्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायचा.

गेम पाणबुडीचा. दुसऱ्या महायुद्धातला. तुम्ही पाणबुडीचे कप्तान. मालवाहू जहाजांचा ताफा अमुक ठिकाणी दिसला, अशी रेडिओवर खबर येते. मग नकाशावर रेघा मारून त्याची वाट शोधायची, त्याच्या पुढं जायचं आणि पाण्याखाली दबा धरून बसायचं. जहाजं टप्प्यात आली की टॉर्पेडो सोडायचा.

पाण्याखालचे आवाज ऐकायचं एक यंत्रही असतं त्यात, हायड्रोफोन. त्याचं चाक फिरवत कान देऊन बसलं की कुठल्या दिशेला कुठलं जहाज आहे ते कळतं. अझहर त्यात भलताच तरबेज. पाण्याखाली फिरणाऱ्या नुसत्या पंख्याच्या आवाजावरून जहाज ओळखायचा.

मावशीला मात्र तो गेम डोळ्यांसमोर नको.

"कमबख्ता, सख्खा भाऊ दर्यावर आहे तुझा, आणि तू घरात बसून जहाजं बुडवतोस?"

"अम्मी, खोटी जहाजं आहेत ती!"

"ते दर्याला कोण सांगणार? तू?"

अझहर हसायचा आणि हेडफोन कानावर चढवायचा.

त्याचा थोरला भाऊ अदीब. मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करतो. त्या आठवड्यात त्याचं जहाज धोक्याच्या पट्ट्यातून जाणार होतं. तिथं जहाजं एकेकटी जात नाहीत. ताफा करून, नौदलाच्या पहाऱ्यात जातात. मावशीचा जीव नुसता टांगणीला लागला होता. 

आदल्या संध्याकाळी अदीबचा फोन आला तेव्हा तो तिला हसवायला बघत होता.

"अम्मी, काळजी कशाला करतेस? बाजूच्या जहाजावर आपला शैलेश आहे. डेकवरून हात करतो मला, माकड!"

शैलेश पनवेलजवळच्या कोन गावचा. अदीबच्या बरोबरीनं जहाजाचा कोर्स केलेला. दर ईदला शीरखुर्मा ओरपायला हजर. मावशीला तेवढाच धीर आला.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात घ्या.

मावशीच्या घरात पाण्याची मोटर खाली, अझहरच्या त्याच खोलीत आणि टाकी गच्चीवर. टाकी भरली की वर उभा असलेला अदीब पान्यानं पाइपावर ठोकायचा. दोन जवळजवळ, मग थांबून एक.

टक टक... टक.

म्हणजे, मोटर बंद कर. पाइप त्या खोलीतूनच वर जातो, त्यामुळं आवाज अझहरच्या डोक्याशी वाजायचा. लहानपणापासूनची खूण. दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारणच नाही.

त्या दुपारी अझहरला मोठा ताफा सापडला. त्यानं पुढं जाऊन वाट अडवली. पाण्याखाली गेला. इंजिन बंद केलं. कान देऊन बसला.

घुर्र... घुर्र... घुर्र...

जहाजं येत होती. एक, दोन, पुष्कळ.

आणि मग...

टक टक... टक.

अझहरनं सवयीनं मोटरच्या बटणाकडं हात नेला. मोटर बंदच होती.

त्यानं हेडफोन काढला. खोलीत चिडीचूप. पाइप गप्प.

परत घातला.

टक टक... टक.

आवाज हेडफोनमधून येत होता. समुद्रातून.

तोंडचं पाणीच पळालं त्याच्या. तरी त्यानं हळूहळू चाक फिरवलं. डावीकडं नेलं तर आवाज कमी. उजवीकडं नेलं तर कमी. ताफ्यातल्या एकाच जहाजातून येत होता तो, जवळच्या रांगेतल्या. बरोबर त्याच जहाजावर त्यानं टॉर्पेडो रोखला होता.

त्यानं पेरिस्कोप, पाण्यावर डोकावून बघायची दुर्बीण, वर केला. राखाडी, साधं मालवाहू जहाज. वेगळं काहीच नाही. त्याच्या बाजूला तसंच आणखी एक.

टक टक... टक. टक टक... टक.

आता घाई होती त्यात. विनवणी होती.

"नाही मारत," अझहर मोठ्यानं बोलला. एकटाच. "नाही मारत रे बाबा, जा."

त्यानं त्या जहाजावरचा नेम काढून घेतला.

इथंच उठला असता तर! मी त्याला नंतर शंभरदा म्हटलं, गाढवा, तिथंच उठायचं ना! पण नाही. इतका वेळ दबा धरलेला, ताफा आयता समोर, हात शिवशिवत होते. आणि खरं कारण त्यानं मला पुढं रडत रडत सांगितलं. त्याला भीती वाटली होती, आणि भर दुपारी एका गेमला घाबरलो याची स्वतःचीच लाज वाटली होती.

त्यानं पेरिस्कोप जरासा फिरवला.

बाजूच्या जहाजावर.

ते जहाज गप्प होतं. त्यातून काहीच ठोकल्याचा आवाज येत नव्हता.

त्यानं बटण दाबलं.

धडाम! पाण्याचा खांब वर उडाला. जहाज मधोमध वाकलं. एरवी अझहर अशा वेळी खुर्चीतून उडी मारायचा. त्या दिवशी तो जागचा हलला नाही...

कारण डेकवर एक माणूस उभा होता.

त्या गेममध्ये डेकवर माणसं दाखवतच नाहीत. जहाजं रिकामीच असतात. अझहर कितीतरी वर्षं खेळत होता, त्यानं एकदाही माणूस पाहिला नव्हता.

हा उभा होता. अंगात नारिंगी बॉयलर सूट, जहाजावरचे कामगार घालतात तसा. कठड्याला धरून. पळत नव्हता, ओरडत नव्हता.

सरळ पेरिस्कोपमध्ये बघत होता...

अझहरनं वायरच उपटली.

संध्याकाळी अदीबचा फोन आला नाही.

मावशी मग्रिबच्या नमाजला बसली ती जानमाजवरून उठलीच नाही. अझहर फोन लावत होता, लागत नव्हता. मेसेजवर एकच टिक. तो मावशीच्या नजरेला नजर देईना. मी जेवणाचा डबा घेऊन गेलो होतो, तो तसाच राहिला.

"अल्ला, माझं पोर परत दे. मला दुसरं काही नको," मावशी पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

मग फोन वाजला.

अदीब होता! मावशी हसतेय की रडतेय तेच कळेना. मोहल्ल्यातल्या बायका धावत आल्या. अझहरनं फोन स्पीकरवर टाकला.

"मी ठीक आहे, अम्मी. आमचं जहाज ठीक आहे." अदीबचा आवाज फाटला होता. "पण शैलेशचं गेलं."

"कसं गेलं?"

"कुणाला काही कळलं नाही. खालून काहीतरी लागलं. बघता बघता मधोमध मोडलं. बाकीचे सगळे काढले पाण्यातून, शैलेश मिळाला नाही."

अझहरनं फोन उचलून कानाला लावला. आतल्या खोलीत गेला. त्याच्या मागोमाग मी.

"भाई... काल दुपारी तू कुठं होतास?"



"इंजिनरूममध्ये. तुला कसं सांगू, अझहर? एकाएकी वाटलं की तू खाली बसलायस आणि तुला थांबवायला पाहिजे. कशासाठी ते कळेना. पाना हातात होता. पाइपावर ठोकत सुटलो वेड्यासारखा. आपली मोटरची खूण."



अदीब घरी आला तेव्हा अझहरनं त्याला सगळं सांगितलं. अदीबनं ऐकून घेतलं. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. "उद्या कोनला जाऊ," एवढंच बोलला.

शैलेशच्या आईला, सखूबाईला, त्या दोघांना बघून भरून आलं. अंगणातल्या खुर्च्या तिनं स्वतः पुसून दिल्या. मी सोबत होतो, हे माझ्या कानांनी ऐकलंय.

"त्या दुपारला फोन आला व्हता त्याचा," ती बोलली. "डेकवरून करत व्हता. पयले हसत व्हता. मंग एकदम गप झाला. बोलला, आई, पान्यातून कायतरी वर आलंय. बारीक, नळीसारखं. पयले अदीबच्या जहाजाकडं बघत व्हतं, आता वळलं. आता माझ्याकडं बघतंय..."

पदरानं तिनं डोळे पुसले.

"मंग फोनच बंद झाला. कंपनीवाल्यांना सांगितला, तं बोलतात असा काय नसतंय. तुमी शिकलेली पोरं. तुमीच सांगा, काय आसंल ते?"

अदीब जमिनीकडं बघत राहिला. मी दुसरीकडं तोंड वळवलं.



कॉम्प्युटर अझहरनं कधीच विकून टाकला. पण दर शुक्रवारी दुकान बंद करून तो एकटाच कोनला जातो. तिची औषधं आणून देतो, गॅसचा सिलिंडर लावून देतो, तिच्या हातची भाकरी खातो. तिला खरं सांगावं की नाही, हे तो मला दर वेळी विचारतो.

परवा ती मोहल्ल्यात आली होती, मावशीला भेटायला. जाताना अझहरच्या डोक्यावरून हात फिरवून बोलली, "माजा एक गेला, पन देवानं ह्यो दिला बग."