फटफटीची जुळवणी

लेकरू आत्ता कुठं डोळा लावत होतं. दात येत होते, अंग कढत होतं, आणि सकाळपासून मी त्याच्या श्वासाकडे कान लावून बसलेली. तेवढ्यात रस्त्यावर फट्, फट्, फटाक्! बाळानं भोकाड पसरलं.

मी तशीच अनवाणी धावले आणि फटफटीपुढं हात आडवा धरून उभी राहिले.

"बंद करा ते आधी!"

वरचा माणूस धुळीनं पांढराफेक. डोळे तेवढे काळे, आणि... हसरे. त्याचाच जास्त राग आला.

"बंद केली तर पुन्हा चालू होत न्हाई, बाई," तो म्हणाला. "ढकलणार का तुमी?"

"तुम्हालाच ढकलते!"

आतून आई ओरडली, "अगं शालू, नवे सलोत्री हायेत ते! आपल्या गाईला पाहायला मीच बोलावलंय!"

तर असे व्यंकटराव बाळापुरात आले. जनावरांचे सरकारी डॉक्टर, मूळचे डोंगरकडा गावचे. लढाई संपल्यावर पलटणीनं मोडीत काढलेली फटफटी त्यांनी विकत घेतली होती. गाय बरी झाली, तरी त्यांच्या चकरा थांबेनात. त्याही भर दुपारी, नेमक्या पाळण्याच्या वेळी.

"गाय बरी आहे," मी दारातूनच सांगायची.

"पाहून घेतलेलं बरं. कधीकधी दुखणं आत दडलेलं असतं." आणि पाहायचे मात्र... गाईकडे नाही.

मला असलं काही नको होतं. बाळ पोटात असतानाच त्याचे वडील विषमज्वरानं गेले. हैदराबादचं कॉलेज, पुस्तकं, सगळं ट्रंकेत गेलं. उरलं हे एवढंसं लेकरू. त्याच्यावरून नजर काढायची मला भीतीच वाटायची.

"एवढा आवाज लेकराला सोसत नाही," मी एकदा खडसावलं. "ऐकू येतंय ना?"

"फटफटी चालू असली की न्हाई येत," ते म्हणाले. पण चेहरा पडला.

आणि पुढच्या आठवड्यात आवाज खरंच गेला. धुराच्या नळ्यात त्यांनी आधी कापूस कोंबला होता. तो जळाला, गावभर जळक्या गादीचा वास सुटला. मग रॉकेलच्या डब्याचा पत्रा गुंडाळून आत ठोकला. फटफटी आता मांजरासारखी यायची, मांजरासारखी जायची.

तर बाळ झोपेना! पाळण्याची दोरी धरून दाराकडं बघत राहायचं, "फ... फ..." करायचं. मग मला उठून रस्ता पाहावा लागायचा. बाळासाठीच हो.

"काहून चकरा मारून राहिलीस, शालू?" आई विचारायची.

"ऊन पाहतेय."

"ऊन व्हय? बराबर, बराबर."

एका दुपारी व्यंकटराव फटफटी ढकलत आले. घामानं चिंब. लिंबाखाली टेकवली आणि इंजिन खोलून बसले.

"गोरेगावला बदली झाली," वर न बघता म्हणाले. "उद्या निघायचं, अन् ही साधा चढ चढंना."

मी बाळाला उगाच दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "झालंय काय तिला?"

"नळा तुंबला. जळालेला धूर आतच कोंडतो, मग ताज्या पेट्रोलला जागा कुठली? इंजिन तापतं. धूर बाहेर सोडणारी झडप तापून लाल झाली की तिची कड जळती. मग ती नीट मिटतबी न्हाई." त्यांनी अळंबीसारखी झडप तळहातावर धरली. कड जळून काळी, टवका उडालेली.

"म्हणजे तुम्हीच तिचा गळा दाबलात!"

"तुमच्या लेकरासाठी."

"मग उपटून टाका तो नळाच!"

"तेबी करून पाहिलंय. आधी मूळचा काढून आखूड नळा लावला होता. धूर मोकळा सुटला, पण पेट्रोलचं माप जुनंच. हवा जास्त, पेट्रोल कमी. मग ती फटाके फोडती, तापती, अन् तरीबी झडप जळती. पहिल्या दिवशी तुमी ऐकला तो आवाज तोच."

"कोंडलं तरी जळते, मोकळं सोडलं तरी जळते! कसलं हे नाठाळ यंत्र!"

"नाठाळ न्हाई हो. जसा नळा, तसं पेट्रोल. नळा बदलला की सगळं पुन्हा जुळवायचं. माणूस जुळवत न्हाई, अन् यंत्राला नावं ठेवतो."

त्यांनी नवी झडप घासून बसवली, पत्रा काढला, मूळचा नळा चढवला. ढकलून, लाथा मारून इंजिन चालू केलं. डुगडुग, डुगडुग... बाळानं टाळ्या पिटल्या आणि माझ्या खांद्यावर मान टाकली.

"येतो मग," व्यंकटराव म्हणाले. आणि जाग्यावरून हलेनात.

"बदली झाली हे आज सांगताय?"

"रोज सांगायलाच येत होतो. तुमी 'गाय बरी आहे' म्हणाल, म्हणून रस्त्यावरूनच परत फिरायचो."

"आणि पत्रा ठोकल्यापासून तुम्ही आलात कधी, गेलात कधी, कळायचंच नाही! मी आपली दिवसभर रस्त्याकडं कान लावून—"

जीभ चावली. उशीर झाला होता.

"कान लावून...?"

"लेकरू! लेकरू बसायचं कान लावून!"

"दोघंबी बसायची, सलोत्रीसाहेब!" आतून आई.

मला रडू यावं इतका वैताग आला. "व्यंकटराव, मी एकटी नाही. बरोबर लेकराचं रडणं येईल, दुखणी येतील, माझी ही सततची धास्ती येईल. तुमचं सगळं एकट्याच्या मापाचं."

त्यांनी इंजिनाचा एक बारीक स्क्रू किंचित फिरवला, कान देऊन ऐकलं. "मग माप बदलू की. मी जुळवायला तयार हाय. तुमी...?"

पिठाचे हात तसेच घेऊन आई बाहेर आली. आमच्याकडं मोठ्यांच्या कानावर 'जुळवायचं' पडलं की त्याचा अर्थ एकच.

"जुळवायचं म्हणाले ना? ऐकलं मी! आता माघार न्हाई. तुझे वडील आर्यसमाजी हायेत, विधवेचं लग्न मानतात; उद्याच होम करतील."

"आई, ते फटफटीचं बोलून राहिलेत!"

"फटफटी केव्हाच जुळली," व्यंकटराव हळूच म्हणाले.

"आधी... आधी बंद करा ती. मला विचार करू द्या."

"बंद केली तर—"

"ढकलीन मी! करा बंद!"

त्यांनी इंजिन बंद केलं. लिंबाखाली शांत झालं. आणि खांद्यावर गाढ झोपलेलं माझं लेकरू दचकून जागं झालं, भोकाड पसरून.

मी बाळाला आईच्या पिठाळ हातांत दिलं, पदर खोचला आणि फटफटीच्या मागं जाऊन उभी राहिले.

"बघत काय बसलात? चालू करा ना!"