मिशन संडेची दुभाषी

“हलू नका... टोचेल हं!”

पूजितानं सुई दंडाजवळ नेली आणि अनुग्रह साळवे जागच्या जागी ताठ झाला. म्हैसूरच्या त्या चर्चमध्ये आज मिशन संडे, म्हणजे मिशनच्या कामासाठी दान गोळा करायचा रविवार होता. गाणाऱ्या मुलींचे झगे द्यायला पूजिता विठ्ठलभक्त वडिलांच्या, अप्पांच्या, शिलाईच्या दुकानातून आली, तर दारातच पताका बांधताना या उंच माणसाची बाही टर्रकन उसवली होती.

“तोंडात हा दोरा धरा. अंगावर शिवताना धरायचा असतो.”

त्यानं मुकाट धरला, पण क्षणभरच.

“तुम्ही मराठी? इथं?”

“पिढ्यान्‌पिढ्या इथंच. आमची मराठी निम्मी कन्नड आहे, अल्वा? म्हणजे... नाही का? तुम्ही?”

“नगरचा. इथून जवळच, एच. डी. कोट्याच्या मिशन दवाखान्यात नर्स आहे.” तिच्या भुवया वर गेल्या. “का, पुरुषाला जमत नाही?”

“बाही फाडायला तरी जमतं!”

तो असा मोकळा हसला, की तिचा टाका वाकडा गेला.

तेवढ्यात पाद्रीसाहेब लगबगीनं आले. अनुग्रहला दवाखान्याविषयी बोलायचं होतं, आणि दुभाष्याचा तर घसाच बसला होता.

“माझं कन्नड ‘नोवु इद्या?’वर संपतं,” अनुग्रह हताश होऊन म्हणाला. “दुखतंय का, एवढंच.”

“मी सांगते,” पूजिता म्हणाली.

तो एक वाक्य बोले, तिच्याकडे पाही... आणि ती ते कन्नडमध्ये लोकांपुढे ठेवी. रानाकडेच्या पाड्यांवरून पोरं कडेवर घेऊन येणाऱ्या बायका, झाडाखाली नंबराची वाट पाहत बसलेल्या. “त्यांना शिवण शिकायचंय,” तो म्हणाला. “मशिनं आहेत, पण धूळ खातायत. शिकवणारं कुणी मिळालं तर...”

पूजितानं तेही सांगितलं. मग स्वतःचं एक वाक्य जोडलं.

सगळं चर्च टाळ्या वाजवू लागलं.

“मी एवढं काय बोललो?” तो कुजबुजला.

“तुम्ही नाही, मी बोलले. शिकवणारी मिळाली, म्हटलं.”

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. तिनंही नजर वळवली नाही.

मग दर शनिवारी ती बसनं कोट्याला जाऊ लागली. तिच्या वर्गातल्या बायका झबली शिवू लागल्या. त्यांच्या चेष्टेनं अनुग्रहचं कन्नड सुधारलं. तरी एखादा शब्द अडला की तो औषधाची बाटली हातात घेऊन शिवणवर्गाच्या दारात हजर! शब्द कधीकधी अगदी सोपे असत...

नाताळच्या आदल्या शनिवारी तो तिला बस स्टँडवर सोडायला आला.

“पूजिता, माझ्याशी लग्न करशील?”

तिनं सरळ विचारलं, “बाप्तिस्मा घ्यावा लागेल?”

“नाही. तुझा विठ्ठल तुझाच राहील. मी रविवारी चर्चला जात राहीन.”

“आमच्या घरी आरडाओरडा होईल.”

“आमच्याही. आई आधी रडेल, मग जेवायला वाढेल. तू घाबरतेस?”

“अय्यो, मी?” म्हैसूरची बस लागली. तिनं पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळली. “चला, चढा.”

“आत्ता? अशा चपलांत?”

“अप्पा दुकानात आहेत. त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं, आणि तुम्ही शेजारी उभे हवेत.”

तो चढला. शेजारी बसला. खिडकीतून गार वारा आला. तिनं त्याचा हात हातात घेतला. कंडक्टर समोर येऊन उभा राहिला, तरी सोडला नाही.

“म्हैसूर,” ती म्हणाली. “दोन.”