स्क्रीनवरचा बाण

जिन्याच्या वळणावर ती आणि तिचा कॉम्प्युटर, दोघेही अडकले होते.

कॉम्प्युटरचा खोका तिने दोन्ही हातांनी कवटाळला होता, पर्स खांद्यावरून घसरत होती आणि काळी वायर शेपटीसारखी मागच्या पायऱ्यांवर आपटत येत होती. खालून कुणीतरी चढत होतं. तिला दिसत होती ती फक्त एक ओली छत्री.

"अहो, जरा बाजूला व्हा ना... मला पुढचं काही दिसत नाहीये!"

"मला दिसतंय," खालून आवाज आला. "एक विचारू? प्लग काढलाय ना?"

ती थबकली. हा आवाज अख्ख्या ऑफिसच्या ओळखीचा होता. कॉम्प्युटर बिघडला की याला फोन करायचा. तक्रार काहीही असो, याचा पहिला प्रश्न ठरलेला – "प्लग लावलाय ना?" म्हणून सगळे त्याला प्लगदादा म्हणायचे. तो काही महिन्यांपूर्वीच नोकरीला लागला होता, तळमजल्यावर बसायचा. फोनवर ती त्याच्याशी कितीदा बोलली होती, पण समोरासमोर कधीच नाही. तिच्या मनातला प्लगदादा टक्कल पडलेला, पन्नाशीचा होता. आणि हा... हा तर तिच्याच वयाचा निघाला. भुवईवर पावसाचा एक थेंब अडकलेला, आणि हसू दाबायची धडपड चाललेली.

"कुठे निघालात एवढं बिऱ्हाड घेऊन?"

"घरी. उद्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, दादा. सारखे थेंब घालायचे, तिला वाकू द्यायचं नाही, आणि ती वाकल्याशिवाय राहायची नाही! सोमवारी माझं पुस्तक छपाईला जायचंय. साहेब म्हणतात, रजा हवी तर घे, पण मग पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी दे." तिने खोका आणखी घट्ट धरला. "वर्षभर जपलंय हो मी ते. कसं देऊन टाकू?"

ती लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांची पानं लावायची. चित्र कुठे, शब्द कुठे, हे तिने ठरवायचं. हे पुस्तक होतं समुद्र बघायला निघालेल्या एका गोगलगाईचं.

झोपलेलं मूल उचलून घ्यावं तसा त्याने तो खोका तिच्या हातातून अलगद घेतला.

"याला कशाला पावसात भिजवताय? हा इथेच राहील, तुम्ही घरी बसा. तुमचा मोबाइल दोघांमधला निरोप्या होईल."

तिच्या टेबलाशी बसून त्याने कॉम्प्युटर पुन्हा जोडला. बाहेरून आत यायची परवानगी सुरू केली, मशीन झोपी जाणार नाही अशी सोय केली, मग तिच्या मोबाइलवर ॲप घ्यायला लावलं. मोबाइलला त्याने स्वतः हातही लावला नाही. "तुम्हीच करा. उद्या मी नसेन तिथे." ती चुकली की तो नुसता थांबायचा. उसासा नाही, 'सोपं तर आहे' नाही. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तो खुर्चीसकट पाठमोरा फिरला आणि भिंतीकडे बघत राहिला.

"झालं?"

"झालं." तिला उगीचच हसू आलं. पाठमोऱ्या माणसावर विश्वास बसायला एवढंसं कारण पुरतं...?

"आता खाली रस्त्यावर जा. ऑफिसचं वायफाय बंद करा, तुमचं नेट वापरा. बघू दिसतंय का."

समोरच्या दुकानाच्या छपराखाली उभं राहून तिने ॲप उघडलं. आणि तळहातावर तिचं अख्खं टेबल अवतरलं! तीच गोगलगाय, त्याच खिडक्या. अंगठा सरकवला तसा बाणही सरकला. तिने कोरं पान उघडून हळूच टाइप केलं – दिसतंय का?

खाली अक्षरं उमटली. दिसतंय. छपराचं पाणी तुमच्या पर्समध्ये चाललंय, तेही दिसतंय.

तिने झटकन वर पाहिलं. तिच्या टेबलाशेजारच्या खिडकीत तो उभा होता.

ऑपरेशन छान झालं. एका डोळ्यावर पट्टी होती, आणि दुसऱ्या डोळ्याने आईला माणूस आणि कपाट यातला फरक कसाबसा कळायचा. कान मात्र तिखट होते. लेक उशाशी बसून मोबाइलवर पानं लावायची, दोन बोटांनी चित्र मोठं करायची, शब्द नखाएवढे सरकवायची. रोज त्याचा फोन यायचा. अडलं नाही ना, एवढंच विचारायला. ते एवढंच विचारणं मात्र बरंच लांबायचं.

"कोण गं?" आईने विचारलं.

"ऑफिसमधले दादा."

"दादा? मग आवाज एवढा गोड कशाला काढतेस?"

रविवारी दुपारी स्क्रीन एकाएकी काळी झाली. पुन्हा जोडलं, नाही. पुन्हा... नाही. शेवटचं पान तेवढं बाकी होतं. तिने त्याला फोन लावला.

"तिकडे वीज जाऊन आली असणार," तो म्हणाला. "वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं, हे लावायचं मीच विसरलो. चूक माझी. निघालोच."

"अहो पण सुट्टी आहे... आणि पाऊस?"

फोन कधीच बंद झाला होता.

थोड्या वेळाने स्क्रीन उजळली, आणि पाठोपाठ फोन वाजला. तो धापा टाकत होता.

"आलं का? हे बघा, मी तुमच्या टेबलाशी आहे. तुम्ही जे कराल ते मला इथे दिसेल. नको असेल तर स्क्रीन बंद करतो."

काम करताना कुणी बघितलेलं तिला मुळीच खपायचं नाही.

"राहू दे," ती म्हणाली.

शेवटच्या पानावर गोगलगाय समुद्राशी पोचत होती. शब्द मधोमध होते. तिने ते खाली घेतले. आणखी खाली. मग अगदी कोपऱ्यात, एका ओळीत. फोनवर नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

"अरे..." तो हळूच म्हणाला. "समुद्र मोठा झाला. तुम्ही काहीच वाढवलं नाहीत, नुसती जागा करून दिलीत."

तिचा अंगठा थांबला. इतक्या पुस्तकांत हे कुणालाही दिसलं नव्हतं, साहेबांनाही नाही.

"दादा, तुम्ही..."

"एक विनंती आहे," तो घाईघाईने म्हणाला. "अख्ख्या ऑफिसने मला दादा म्हणावं. तुम्ही तेवढं... नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"फोनवर नाही सांगता येणार," असं म्हणून त्याने चक्क फोन ठेवला!

तिने पुस्तक छपाईला पाठवून दिलं. बाण आपोआप हलला. कोरं पान उघडलं. अक्षरं उमटू लागली, चाचरत, अडखळत.

तुम्ही खूप

पुसलं.

तुम्ही मला

पुसलं. बराच वेळ नुसती रेघ लुकलुकत राहिली.

तू मला आवडतेस.

हे मात्र त्याने पुसलं नाही.

"काय झालं गं? श्वास घेतेस की नाही?" आई पडल्या पडल्या म्हणाली. "काय म्हणतोय तो?"

तिने सांगितलं. आईपासून काही लपवायची सवयच नव्हती तिला.

आईने चाचपत अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "पावसापाण्याचा धावत ऑफिसात गेला बिचारा. जेवला तरी का, विचार."

तिने टाइप केलं – आई विचारतेय, जेवलात का?

वाचलं. थांबली. मग जीभ दाताखाली धरून एकच शब्द पुसला आणि पुन्हा लिहिला.

आई विचारतेय, जेवलास का?

मग एकदम – नाही! नाही जेवलो!

मग ये ना, तिने लिहिलं, आणि खाली घराचा पत्ता.

यावर काहीच उमटलं नाही. ती वाट बघत राहिली. रेघ लुकलुकत होती, बाण जागचा हलत नव्हता. 'घाई केली का मी?' तिला वाटलं. तिने पट्टी उचलून आईच्या डोळ्यात थेंब घातले, तर एक गालावरच पडला.

आणि दारावरची बेल वाजली तेव्हा तिच्या लक्षात आलं – उत्तर लिहायला तो थांबलाच नव्हता.