सात बुरुजांचा नकाशा

"मला माझं पान परत हवंय. बाकी काही नको," असं म्हणत सिस्टरांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि वहिनींच्या टेबलावर ठेवलं.

'सात बुरुजांचं राज्य' असं त्याचं नाव. मुखपृष्ठावर एक राक्षस दात विचकत होता. भाऊजींनी मान वाकडी करून पाहिलं. "या वयात राक्षसांच्या गोष्टी?"

वहिनींनी अशी नजर टाकली की भाऊजींनी मुकाट्यानं चहाच्या कपात तोंड घातलं. नवरा गेल्यापासून खासगी तपासाचं ऑफिस वहिनीच चालवत होत्या. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणे. खरे दीर मात्र भाऊजी एकटेच. वजनकाट्यावर तीस वर्षं नोकरी झालेली, त्यामुळे समोर येईल ते मोजायचं आणि गप्प बसायचं, एवढंच त्यांना जमायचं.

"गोष्ट नाही ती. आपलंच युद्ध आहे," सिस्टर म्हणाल्या. त्या इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच होता. "राक्षस म्हणजे रणगाडे. उडते सर्प म्हणजे विमानं. धुक्यात हरवलेली फौज म्हणजे माझ्या मुलाची तुकडी. अकरा वर्षं झाली, अजून बेपत्ताच म्हणतात. सरळ लिहिलं असतं तर छापू दिलं असतं का? म्हणून त्यानं राक्षस घातले."

"त्यानं म्हणजे कुणी?"

"टोपणनाव आहे. कुणी पाहिलेला नाही."

गेलं होतं ते नकाशाचं पान. सिस्टरांनी आठवून कागदावर काढून दाखवलं. दोन फाटे फुटलेली दरी, तिच्या शेपटाशी गोल विहीर, वरच्या कडेला किंचित वाकड्या ओळीत सात बुरुज.

"फौज विहिरीपाशी संपली असं पुस्तकात आहे. पण शेवटच्या बुरुजापासून विहीर नेमकी किती दूर, ते मला आठवत नाही. आणि तिथं मोजूनच पाय टाकावा लागतो."

बेपत्तांच्या नातेवाइकांना यंदा जुन्या रणभूमीत आठ दिवस सोडणार होते. सिस्टरांची बस शनिवारी सकाळी होती. आज गुरुवार.

"तिथं सुरुंग आहेत ना?" भाऊजी म्हणाले. "गेल्या महिन्यात कुणीतरी..."

"आमच्याच वाचक मंडळातले मास्तर. हाच नकाशा घेऊन चोरून गेले होते. चुकीच्या बाजूला वळले." हे सांगताना सिस्टरांचा आवाज जराही हलला नाही.

वहिनींनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. पान पट्टी लावून सरळ कापलेलं होतं. बोटभर रुंदीची कागदाची चिंधी मागे ठेवून ती पुढच्या पानाला चिकटवली होती.

"चोराला घाई नव्हती," त्या म्हणाल्या.

पुस्तक दोनच ठिकाणी असे, घरी आणि दर गुरुवारी वाचनालयात. घरी सून होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करणारी, बारीक हाताची.

"मी कापलं असतं तर पान नसतं कापलं, अख्खं पुस्तक चुलीत घातलं असतं," ती म्हणाली. "मलाही तो हवाय हो. बायको आहे मी त्याची. पण त्याचा पत्ता राक्षसांना विचारू? वहिनी, पान सापडलं तरी देऊ नका. आईंना थांबवा."

वाचनालयात मंडळाचे प्रमुख हवालदार भेटले. त्यांचा भाऊ त्याच तुकडीत होता. वाचनालयाच्या पाचही प्रतींतला नकाशा मास्तर गेल्यानंतरच्या आठवड्यात असाच कापला गेला होता, असं त्यांनीच सांगितलं. मग खिशातून एक पत्र काढलं.

"खुद्द लेखकाचं. मंडळाच्या नावानं आलंय."

कागद जाड, पिवळसर आणि अरुंद होता. एक कड ओबडधोबड. 'हे कुठलंही युद्ध नाही. हा नकाशा कुठल्याही जागेचा नाही. हात जोडतो, कुणी जाऊ नका.'

"बघा!" हवालदार म्हणाले. "कुणीतरी दम देऊन लिहून घेतलंय. खोटं असतं तर एवढा घाबरला असता का?"

"आणि 'हो, खरं आहे' असं लिहिलं असतं तर?"

"मग तर प्रश्नच मिटला!"

वहिनींनी कपाळाला हात लावला नाही, एवढंच.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बाइंडर बसे. जड पुस्तकं त्याच्या रॅकवर ठेवून मंडळी चहाला जात. तो वाकलेला, अबोल माणूस पुस्तक शिवत होता. पायाशी टोपलीत जाड पिवळसर कागदाच्या कातरणी पडल्या होत्या.

भाऊजींनी चहाचा कप त्याच्या फळीवर ठेवला. बाइंडरनं तो झटकन उचलला. "तिथं नको."

फळीवर जुन्या सरसाचा मोठा तपकिरी डाग होता, एका टोकाला दुभंगलेला. त्याच्या वरच्या बाजूला भाऊजींचं बोट गेलं. "कीड लागलीय. सात भोकं आहेत."

"टोच्याची आहेत. शिवायच्या आधी भोकं पाडावी लागतात."

"हे राक्षसांचं पुस्तक तुम्ही वाचलंय?" वहिनींनी विचारलं.

"मी पुस्तकं शिवतो, बाई. वाचत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं.

"एक पान कापलं की घडीतलं त्याचं जोडीचं पान सुटतं," त्या म्हणाल्या. "ते सुटू नये म्हणून चोरानं चिंधी ठेवली, वर चिकटवली. चोरी करतानाही पुस्तक मोडू नये हे कुणाच्या हाताला सुचेल?"

सगळ्यांनी बाइंडरकडे पाहिलं.

"पण का?" हवालदार ओरडले. "कुणाचा हस्तक आहेस तू?"

"कुणाचाच नाही," वहिनी म्हणाल्या. "लेखकाचं पत्र काढा. ही टोपलीतली कातरण त्याच्याशेजारी धरा. पुठ्ठ्याच्या आत लावायचा कागद आहे हा. पत्र इथंच लिहिलं गेलं." मग वहिनींनी सिस्टरांनी काढलेला नकाशा फळीवर ठेवला. "आणि आता हे पाहा. दोन फाट्यांची दरी हा डाग. शेपटाशी ठिपका पडलाय, ती विहीर. आणि सात बुरुज भाऊजींनी कालच मोजले."

भाऊजींचा आ वासला तो मिटेना.

"प्रकाशकाला नकाशा हवा होता," बाइंडर खाली बघत म्हणाला. "अशा पुस्तकात असतोच म्हणे. मला चित्र येत नाही. डागावर पातळ कागद ठेवला आणि गिरवला. मास्तर गेले तेव्हा पत्र लिहिलं. कुणी मानेना. समोर येऊन सांगायचं तर त्यांच्या बायकोला काय सांगू? तुमचा नवरा माझ्या सरसाच्या डागापायी गेला? म्हणून पानं कापली. दुसरं काही सुचलंच नाही."

"आणि राक्षस?" सिस्टरांनी विचारलं.

"लिहीत होतो तेव्हा रेडिओवर रोज युद्धच असायचं. त्यातलं आत काय शिरलं, देवाशपथ, मला नाही सांगता येत."

"ऐकलंत? कबूल केलं!" हवालदार म्हणाले.

सिस्टरांनी डागावर तळहात ठेवला. "म्हणजे तो इथं नाही."

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग कुठं आहे?"

सुनेनं पदर तोंडाला लावला.

"माझं पान द्या," सिस्टर म्हणाल्या.

बाइंडरनं खण उघडला. कापलेली सगळी पानं त्यानं सपाट करून ठेवली होती. फाडायला हात धजला नव्हता.

"देऊ नका!" भाऊजी म्हणाले.

"वहिनी, मी तुमच्याकडे अर्थ विचारायला आले नव्हते. पान शोधायला आले होते. ते माझं आहे."

"अहो, खोटा नकाशा घेऊन कुठं जाल?"

"खरा आहे का कुणाकडं?"

वहिनींनी खणातून पान काढून सिस्टरांना दिलं. देताना त्यांना आपल्या हुशारीचा मनापासून राग आला. चोर सापडला नसता तर बरं झालं असतं.

घरी पोहोचल्याबरोबर त्यांनी रणभूमीत जायचे परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच्या घरी फोन लावला. तो म्हणाला, "त्यांच्याकडे परवाना आहे. आम्ही धोक्याच्या पाट्या लावल्यात. आणखी काय करणार?"

शनिवारी सकाळी फोन वाजला. सून बसस्थानकावरून बोलत होती.

"आई बसमध्ये बसल्यात. मीही चाललेय."

"अगं, तुला तरी कळतंय ना, तो डाग आहे म्हणून?"

"कळतंय हो. पण आई नकाशात बघत चालणार, पायाखाली बघणार नाहीत. कुणीतरी त्यांच्यापुढं चालायला हवं ना."

मागून कंडक्टरनं हाक मारली आणि फोन बंद झाला.